टोपडं घातलेला कॅमेरा

‘‘कारणाच्या रकान्यात ‘कस्टमरकडून टॅम्परिंग’ लिही, मॅडमची सही घे आणि मरोळला परत ये. तिथे वेळ काढू नकोस.’’

फोनवर माझे बॉस नितीन सर होते. मी मुलुंडच्या एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर, एका सव्वा वर्षाच्या मुलीच्या खोलीत उभी होते. समोर भिंतीवर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर टोपडं होतं. गुलाबी लोकरीचं, बंदांचं. बाळाच्या हनुवटीखाली बांधतात तसे त्याचे बंद कॅमेऱ्याच्या मानेखाली नीट गाठ मारून बांधलेले होते.

टॅम्परिंग म्हणजे छेडछाड. आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे हा. वस्तू का बिघडली ते कळलं नाही, किंवा कळलं पण सांगायचं नाही, की सर्व्हिस रिपोर्टमध्ये तो शब्द टाकायचा. कस्टमर वरमतो, कंपनी सुटते. सोळा वर्षांत मीसुद्धा तो बऱ्याच वेळा लिहिला आहे. आज कबूल करायला लाज वाटते, पण लिहिला आहे.

मी आरती. नेटवर्किंगचं काम करते. लोकांच्या घरात, दुकानात, क्लिनिकमध्ये राऊटर आणि कॅमेरे बसवायचे, ते इंटरनेटला जोडायचे आणि बिघडले की पळत जायचं. तेव्हा मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत सीनियर इंजिनीअर होते. सीनियर म्हणजे शिडी आणि ड्रिल मशीन दोन्ही स्वतःच उचलायचं. माझ्या रागाबद्दल ऑफिसात बरंच बोललं जायचं. ते सगळंच काही खोटं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी अकराला टॉवरच्या गेटवर पोचले. तिथे कुणाही बाहेरच्याला आत जायचं असेल तर वॉचमन फोनवरच्या अ‍ॅपमध्ये नाव टाकतो, फोटो काढतो, मग वरच्या घरातून ‘हो’ आलं तरच आत. माझा फोटो काढून झाला आणि मी ‘हो’ची वाट बघत उभी राहिले. वॉचमनच्या केबिनबाहेरच्या बाकावर पन्नाशीची एक बाई बसली होती. पदर कमरेला खोचलेला, मांडीवर कापडी पिशवी. माझ्या हातातली टूलबॅग बघून ती उठली.

‘‘मॅडम, तुम्हीच आलता ना तवा कॅमेरा लावायला? चौदाव्या माळ्यावर? मी च्या दिलता तुम्हाला.’’

मला आठवलं. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. या शोभा मावशी. नेहा मॅडमच्या बाळाला सांभाळायच्या. मी शिडीवर होते आणि त्यांनी चहाचा कप वर माझ्या हातात दिला होता. आमच्या कामात असा कप क्वचितच मिळतो, म्हणून लक्षात राहिला.

‘‘हो मावशी, मीच. तुम्ही इथे बाहेर का बसलाय?’’

‘‘ब्लॉक केलंय मला.’’ त्यांनी वॉचमनच्या फोनकडे बोट केलं. ‘‘मॅडम म्हणत्यात मी कॅमेऱ्याला हात लावते. सोसायटीच्या ग्रुपवर लिवलं माझ्या फोटोसकट. सहाव्या माळ्यावरचं काम गेलं, नवव्यावरचं पण. म्हणल्या, आज इंजिनीअर येणार, तिचा रिपोर्ट आला की बघू. म्हणून बसलेय.’’

‘‘तुम्ही लावला हात?’’

‘‘टोपडं घातलं. दुसरं काय नाही केलं. आतून बाप्या बोलला त्याच्या. कोणती भाषा काय की. पोर दचकून रडायला लागली माझी. मग मी झाकलं त्याला.’’ त्या पुन्हा बसल्या. ‘‘तुम्ही बघा खरं काय ते. मी हितंच हाय.’’

खरं सांगते, लिफ्टमध्ये मी मावशींवर पूर्ण विश्वास ठेवला नव्हता. कॅमेरा बोलला म्हणजे काय? मग आठवलं की या कॅमेऱ्याला स्पीकर असतो. आई ऑफिसात बसून फोनवरून बाळाशी बोलू शकते, म्हणून दिलेला. म्हणजे बोलू तर शकतो. पण मग बोललं कोण?

वर नेहा मॅडमनी दार उघडलं. त्या बँकेत मोठ्या पदावर आहेत. मावशींना थांबवल्यापासून घरून काम करत होत्या. कडेवर मुलगी, कानात हेडफोन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या.

‘‘आरती, इमॅजिन! कॅमेऱ्यातून माणूस बोलला म्हणे. मागच्या दोन आठवड्यांत तीनदा मी ऑफिसमधून बघितलं तर कॅमेरा भिंतीकडे वळलेला. आणि परवा स्क्रीनच काळी. घरी येऊन बघते तर हे.’’ त्यांनी टोपड्याकडे हात केला. ‘‘तसंच ठेवलंय, पुरावा म्हणून. तिला काहीतरी लपवायचं असल्याशिवाय ती कॅमेरा का झाकेल? तुम्हीच सांगा.’’

मी लॅपटॉप उघडला.

कॅमेऱ्याच्या पोटात एक नोंदवही असते. तिला आम्ही लॉग म्हणतो. कोण आत आलं, किती वाजता, कोणत्या पत्त्यावरून, आल्यावर काय केलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. घरातल्याच वाय-फायवरून कोणी आलं तर तो पत्ता एकशे ब्याण्णवने सुरू होतो. मॅडमचे यजमान अमोल अंधेरीच्या ऑफिसातून बघायचे, त्यांचा पत्ता रोज एकच. मॅडम फोनच्या अ‍ॅपवरून बघायच्या, त्याची नोंद वेगळ्या खुणेने व्हायची. हे तिन्ही मी बाजूला काढले.

बाकी काही उरायला नको होतं. पण उरलेली यादी मी स्क्रोल करत राहिले आणि ती संपेना. अनोळखी पत्ते. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. काही पत्ते शोधून बघितले तर ज्या देशांत या घरातलं कोणीही कधी गेलं नसेल तिथले निघाले. सगळे ‘अ‍ॅडमिन’ या नावाने, बरोबर पासवर्ड टाकून आत आलेले. कोणी नुसतं बघून गेलं होतं. कोणी कॅमेरा डावीकडे फिरवला होता, कोणी भिंतीकडे. आणि परवा, दुपारी सव्वातीनला, कोणीतरी स्पीकर चालू केला होता.

मग मी राऊटरचं पान उघडलं, आणि तिथे मला माझंच काम सापडलं.

इथे थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. राऊटर म्हणजे घराच्या इंटरनेटचा वॉचमन. घरातून कोणी बाहेर गेलं तर तो जाऊ देतो. बाहेरून कोणी न बोलावता आलं तर परत पाठवतो. या नियमांना फायरवॉल म्हणतात. आता तुम्हाला ऑफिसातून घरचा कॅमेरा बघायचा आहे, म्हणजे तुम्ही बाहेरून येणार. मग वॉचमनला सांगावं लागतं, ‘अमुक नंबरच्या दाराने कोणी आलं तर त्याला थेट कॅमेऱ्याकडे पाठव, बाकी दारं बंद.’ हे झालं पोर्ट फॉरवर्डिंग. त्यातही धोका असतो, पण दार एकच उघडं असतं.

राऊटरमध्ये आणखी एक बटण असतं. त्याचं नाव डीएमझेड. ते दाबलं की वॉचमनला सांगितल्यासारखं होतं, ‘जो कोणी येईल, कशालाही येईल, काही विचारू नको, सरळ त्या खोलीत सोड.’

आमच्या लाइनमध्ये ही एक वाईट सवय आहे. पोर्ट फॉरवर्डिंग नीट बसत नसलं, चित्र दिसतं पण आवाज येत नाही असं काही झालं, की शोधत बसायला वेळ नसतो. पुढचा कॉल वाट बघत असतो. मग डीएमझेड लावून टाकायचं. सगळं लगेच चालतं, कस्टमर खूश, कंप्लेंट येत नाही. ‘डीएमझेड मार आणि सुट,’ हे वाक्य मी ज्युनियर असताना ऐकलं आणि सीनियर झाल्यावर इतरांना ऐकवलं.

त्यात आमच्या ऑफिसचा स्वतःचा एक नियम. सगळ्या कॅमेऱ्यांना एकच पासवर्ड. एक ते सहा आकडे. म्हणजे कस्टमरचा फोन आला की ऑफिसातून कोणीही पटकन आत जाऊन बघू शकेल. आम्हाला पटकन जाता येत होतं, तसं जगालाही येत होतं.

आठ महिन्यांपूर्वी अमोल घाईत होते. त्यांना मुंबईबाहेर जायचं होतं आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर आवाज येत नव्हता. मी डीएमझेड लावलं. मनाशी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊन नीट करते. पुढच्या आठवड्यात बोरिवलीचं काम निघालं, मग घाटकोपरचं. मी विसरले. ते बटण आठ महिने चालू राहिलं आणि एका तान्ह्या मुलीची खोली आठ महिने चव्हाट्यावर राहिली. राऊटरच्या त्या पानावर बदल केल्याची तारीख होती. ती माझीच तारीख होती.

मी नितीन सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. तेव्हा ते जे बोलले ते सुरुवातीला लिहिलंच आहे. त्याआधी त्यांनी मनात हिशेब मांडला असणार. त्या टॉवरमधल्या अर्ध्या घरांत आमचे कॅमेरे होते आणि लॉबी, पार्किंग, गच्ची असं सगळं काम आम्हालाच मिळायचं होतं.

‘‘सर, टॅम्परिंग नाहीये. डीएमझेड मी लावलंय.’’

‘‘तुला कोणी विचारलंय का? गुपचूप बंद कर. पासवर्ड बदल. कॅमेरा ठीक चालेल, प्रॉब्लेम सॉल्व्ह.’’

‘‘आणि खाली बाई बसलीये तिचं काय?’’

‘‘कोण बाई?’’

‘‘जिने टॅम्परिंग केलं असं मी लिहायचं आहे, ती.’’

‘‘आरती, तिला दुसरीकडे काम मिळेल. कामवाल्यांना काय कमी आहे? तुझी नातेवाईक आहे का ती?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. लिहिणार नाही मी.’’ आणि मी फोन ठेवला. बॉसचा फोन आपण आधी ठेवायचा नसतो, हे मला सोळा वर्षं माहीत होतं.

मॅडम दारात उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. मी त्यांना हॉलमध्ये बसवलं आणि अमोलना व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. दोघांना एकदमच सांगितलेलं बरं.

आधी लॉग दाखवला. एक नोंद निवडली. गेल्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून सात मिनिटांनी कोणीतरी कॅमेरा भिंतीकडे वळवला होता.

‘‘मॅडम, त्या वेळी मावशी कुठे होत्या?’’

‘‘घरीच असणार.’’

‘‘गेटचं अ‍ॅप उघडा. मूल घेऊन कोणी बाहेर पडलं तर तुमच्याकडे परवानगी मागतात ना?’’

त्यांनी उघडलं. चार पन्नासला मावशी मुलीला घेऊन समोरच्या बागेत गेल्या होत्या. परवानगी मॅडमनी स्वतःच दिली होती. परत आल्या पाच चाळीसला. मॅडम त्या दोन वेळांकडे बघत राहिल्या.

स्क्रीनवरून अमोल म्हणाले, ‘‘ओके, तिने स्वतः फिरवला नसेल. पण पासवर्ड तिनेच कोणाला तरी दिला असेल ना? गोवंडीला राहते ती. तिकडे असली मुलं असतात, मोबाइल-बिबाइल हॅक करणारी.’’

‘‘सर, मी गोवंडीची आहे. लग्न होऊन चारकोपला गेले, पण वाढले तिथेच. शाळा तिथली, डिप्लोमाचा अभ्यास तिथल्याच खोलीत केला. तिकडची मुलं काय काय करतात ते मला माहीत आहे. त्यातलीच एक तुमच्या हॉलमध्ये बसून तुमचं घर सुरक्षित करायला आलीये.’’

मुलगी माझ्या टूलबॅगची चेन ओढत होती.

‘‘पासवर्ड कोणी द्यायची गरजच नव्हती,’’ मी म्हटलं. ‘‘मला दोन मिनिटं द्या. मी खाली गेटवर जाते. तुमचं वाय-फाय तिथे पोचत नाही. मॅडम, तुम्ही टोपडं काढा आणि कॅमेऱ्याकडे बघत उभ्या राहा. चालेल?’’

मॅडमनी मान हलवली.

खाली आले आणि बाकावर मावशींच्या शेजारी बसले. फोनचं वाय-फाय बंद केलं, नुसता मोबाइल डेटा ठेवला. ब्राउझरमध्ये त्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता टाकला. नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड एक ते सहा. जगातला कोणीही एवढंच करत होता. खोली उघडली. पाळणा, पडदा, खिडकीत झुंबरासारखं टांगलेलं खेळणं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी मॅडमना फोन लावला. ‘‘बघा हं. डावीकडे वळवते.’’

मग उजवीकडे वळवला. मग भिंतीकडे. कॅमेरा परत खोलीकडे वळवला तेव्हा मॅडम मुलीला कडेवर घेऊन मधोमध उभ्या होत्या. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

‘‘अगं बाई, दुपट्यात गुंडाळलीच नाही तिला. एसी चालूच आसंल,’’ त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, ‘‘म्हंजी असंच बघत व्हते व्हय समदे? कुणीबी?’’

‘‘हो.’’

‘‘आन मला गेटच्या आत सोडत नव्हते.’’

त्या गेटवर माझा फोटो निघाला होता, ब्लॉक केल्यामुळे अ‍ॅपमध्ये मावशींचं नाव लाल झालं होतं, कुरिअरवाल्याची सही घेतली जात होती. आणि चौदाव्या मजल्यावर आठ महिने कोणालाही, कुठूनही, न विचारता प्रवेश होता. तो मी दिला होता.

वर गेले. मॅडमनी टोपडं परत कॅमेऱ्याला घातलं होतं. बंद नीट बांधता आले नव्हते.

‘‘हे उघडं कोणी ठेवलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मी. आठ महिन्यांपूर्वी. घाईत लावलं आणि विसरले. पासवर्ड न बदलणं हीसुद्धा माझी चूक.’’

अमोल स्क्रीनवर भडकले. कंप्लेंट करेन, कंपनीला सोडणार नाही, तुमचं नाव सगळीकडे टाकेन, असं बरंच. त्यांचा प्रत्येक शब्द बरोबर होता. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, ‘‘करा कंप्लेंट. लॉगची कॉपी मी पेन ड्राइव्हवर देते, पोलिसांना ती लागेल. पण आधी मला दार बंद करू दे.’’

काम तासाभराचं होतं. डीएमझेड बंद केलं. पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम पुसले. घरातली उपकरणं राऊटरला न विचारता स्वतःच दारं उघडून घेतात अशी एक सोय असते, तीही बंद केली. राऊटरचं पान बाहेरून उघडता येत होतं, ते बंद केलं. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर नवं टाकलं. नवे पासवर्ड मॅडमना स्वतः ठरवायला लावले आणि मी पाठ फिरवून उभी राहिले.

अमोल म्हणाले, ‘‘पण मग मी ऑफिसमधून कसं बघणार?’’

‘‘व्हीपीएनने. आधी तुम्ही ओळख पटवून तुमच्या घराच्या नेटवर्कमध्ये यायचं, मग कॅमेरा. रोज दोन बटणं जास्त दाबावी लागतील.’’

‘‘सिंपल पोर्ट ओपन नाही का ठेवता येणार? फक्त एक?’’

‘‘नाही.’’

‘‘मी कस्टमर आहे.’’

‘‘आहात. तरी नाही. मुलगी माझी असती तरी नाही, आणि तुमची आहे म्हणूनही नाही. तुम्हाला पाहिजे असेल तर दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, माझ्या हातून होणार नाही.’’

त्यांनी पुढे आग्रह केला नाही. फायरवॉलच्या यादीत सगळ्यात खाली एक ओळ असते, तीही मी तपासून घेतली. वर ज्याला परवानगी दिलेली नाही, त्याला आत सोडायचं नाही. ती ओळ राऊटरमध्ये पहिल्यापासून होती. आम्ही तिला वळसा घातला होता.

मॅडमनी गेटवर फोन करून ब्लॉक काढायला सांगितला. ‘‘शोभाला वर पाठवा.’’

मावशी वर आल्या. मुलगी लगेच हात पसरून त्यांच्याकडे झेपावली. त्यांनी तिला घेतलं, कपाळाला गाल लावला, दुपट्यात गुंडाळलं आणि परत मॅडमच्या हातात दिली. दाराच्या आत मात्र आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

‘‘शोभा, सॉरी. आम्हाला माहीत नव्हतं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘उद्यापासून ये.’’

‘‘आधी ग्रुपवर लिवा.’’

‘‘अगं, मी सगळ्यांना पर्सनली सांगेन ना.’’

‘‘माझ्याबद्दल लिवताना पर्सनली नव्हतं लिवलं.’’

मॅडमनी फोन काढला आणि बराच वेळ टाइप केलं. ‘‘टाकलं,’’ त्या म्हणाल्या. मावशींनी माझ्याकडे बघितलं. ‘‘वाचून दाखवा मॅडम, इंग्लिशमधी आसंल.’’

मी वाचलं. ‘कॅमेऱ्याबाबत काही तांत्रिक गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला आहे,’ असा त्याचा मराठी अर्थ सांगितला.

‘‘यात माझं नाव कुठंय?’’ मावशींचा आवाज चढला नव्हता. ‘‘तवा नाव व्हतं. फोटो व्हता. ‘सावध राहा’ व्हतं. आता गैरसमज झाला म्हणं. कुणाचा झाला? सहाव्या माळ्यावरच्या आजोबांना काय कळायचं यातून? मराठीत लिवा. शोभानं काय केलं नाही, असं लिवा.’’

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे मदतीच्या आशेने बघितलं. मी टूलबॅग भरत होते. मान वर केली नाही.

दुसरा मेसेज मराठीत गेला. त्यात शोभा मावशींचं पूर्ण नाव होतं, त्यांनी काही केलेलं नाही असं होतं, आणि त्यांनी कॅमेरा झाकला म्हणून बाळ वाचलं, असंही होतं. हे शेवटचं मॅडमनी स्वतःहून लिहिलं, कोणी सांगितलं नव्हतं. लिहिताना त्या रडत होत्या. ते मला आवडलं, हे मी इथे सांगून ठेवते.

मग मी रिपोर्ट बुक उघडलं. आमचं रिपोर्ट बुक जुन्या पद्धतीचं, कार्बन घालून तीन प्रती. पांढरी कस्टमरला, पिवळी ऑफिसला, गुलाबी बुकातच राहते. तक्रार, कारण, काय केलं, असे तीन रकाने. आम्ही ते नेहमी इंग्लिशमध्ये भरतो. मी मराठीत भरलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘आमच्या कंपनीने राऊटर चुकीचा लावला. बाहेरचे लोक कॅमेऱ्यात येत होते. घरातल्या कोणीही छेडछाड केलेली नाही.’ खाली माझी सही केली, मॅडमची घेतली. पांढरी प्रत त्यांना दिली. पिवळी फाडून मावशींच्या हातात ठेवली.

त्यांनी ती सावकाश, ओठ हलवत पूर्ण वाचली. घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘जय भीम, पोरी.’’ मीही ‘जय भीम’ म्हटलं. कसं ओळखलं, ते मी विचारलं नाही.

मरोळला नितीन सर माझीच वाट बघत होते.

‘‘वाट लावलीस तू कंपनीची.’’

‘‘वाट आठ महिन्यांपूर्वी लागली सर. मी आज सांगितलं एवढंच.’’

‘‘ऑफिसची कॉपी कुठाय?’’

‘‘दिली.’’

‘‘कोणाला?’’

‘‘जिच्याविरुद्ध कंप्लेंट होती तिला.’’

मग मी त्यांच्यासमोर दुसरा कागद ठेवला. मी स्वतः जिथे जिथे डीएमझेड लावून सुटले होते त्या घरांची यादी, आठवेल तेवढी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर. म्हटलं, या सगळ्यांकडे जाऊन बंद करायचं आहे. सर म्हणाले, कंप्लेंट आली की बघू, उगाच स्वतःहून लोकांना घाबरवायचं नाही. मी म्हटलं, मग मी सुट्टी टाकून जाते. ते म्हणाले, सुट्टीच टाक, मोठी टाक. त्या महिन्यात यादीतली सगळी घरं झाली आणि माझी नोकरीही संपली. ऑफिसची यादी माझ्या यादीपेक्षा मोठी असणार. त्या घरांतलं कोणी हे वाचत असेल तर आपल्या राऊटरमध्ये डीएमझेड चालू आहे का ते आजच बघून घ्यावं.

आता चारकोपला एका गाळ्याच्या अर्ध्या भागात माझं स्वतःचं काम आहे. अमोलनी खरोखर कंप्लेंट केली. मी जाऊन जबाब दिला, जे झालं ते सांगितलं. वर्षभराने त्यांनीच त्यांच्या भावाच्या घरचं काम मला दिलं आणि व्हीपीएनबद्दल कुरकुरही केली.

मावशी सहाव्या आणि नवव्या मजल्यावर परत गेल्या. चौदाव्यावर गेल्या नाहीत. मॅडम दोनदा खाली येऊन विनवून गेल्या. मावशी म्हणाल्या, ‘‘पोरीला बागेत आणा, मी भेटते. वर नाय येणार.’’ मॅडम रोज संध्याकाळी मुलीला बागेत आणतात असं मध्यंतरी मावशींनीच फोनवर सांगितलं. पिवळा कागद अजून त्यांच्याकडे आहे, मोबाइलच्या कव्हरमध्ये.

या सगळ्यातून मी कामाची एकच पद्धत बदलली. तक्रार आली की आधी माझ्या स्वतःच्या जुन्या नोंदी उघडते. आणि कोणाच्या घरी कॅमेऱ्याला टोपडं घातलेलं दिसलं, तर ते काढायच्या आधी, ज्याने घातलं त्याला बोलावून का घातलं ते विचारते.